घरच्या पाईच्या पारीला कोणतं मोहन? लोणी, बटर, तूप, डालडा की तेल: नागपूरच्या ओट्यावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री उतरली की माझ्या घरी पाई सुरू होतात. शेजारच्या ताई, भाच्या, त्यांच्या मैत्रिणी येऊन विचारतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. सारणाबद्दल फार कोणी विचारत नाही. सगळ्यांचं अडतं ते पारीशी, आणि पारीचं अडतं मोहनाशी. म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवते.

सरळ सांगा, सगळ्यात चांगलं फॅट कोणतं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बटर, बाकी काही नको. चव आणि पापुद्रे दोन्ही एकाच पदार्थातून मिळतात. मार्चपासून पुढे दोन भाग बटर आणि एक भाग डालडा. एप्रिल-मे मध्ये पापुद्र्यांचा हट्ट सोडून तुपाची किंवा तेलाची खुसखुशीत पारी करावी.

नागपुरात कोणतं फॅट चांगलं, याचं उत्तर डब्यावरच्या नावापेक्षा भिंतीवरच्या थर्मामीटरवर जास्त अवलंबून आहे. परदेशी पाककृतीतलं ‘खोलीचं तापमान’ वीस-बावीस अंश असतं. आपल्याकडे मे महिन्यात पहाटे पाचलाही स्वयंपाकघरात तीसच्या आसपास असतं.

पारीत फॅट नेमकं काय काम करतं?

दोन कामं करतं, आणि ती वेगवेगळी आहेत. हे एकदा कळलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

पहिलं काम करंजी करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. मैद्यात पाणी घालून मळलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि ग्लुटेनची जाळी तयार होते. पोळीला ती हवी, कारण पोळी ताणली गेली पाहिजे. पारीला ती नको. आपण आधी पिठाला मोहन चोळतो तेव्हा कणाकणाला तेलकट आवरण बसतं, पाणी आत पोचायला अडखळतं आणि जाळी तुटक राहते. म्हणून खुसखुशीतपणा येतो. मुठीत पीठ दाबलं की मुटका वळला पाहिजे ही आपल्या आजीची परीक्षा हेच मोजते.

दुसरं काम चिरोट्यातल्या साट्याचं आहे. पाईच्या पारीत फॅट पूर्ण चोळून टाकायचं नसतं. काही तुकडे घट्टच राहू द्यायचे. लाटताना ते चपटे होतात आणि पिठाच्या दोन थरांमध्ये बसतात. ओव्हनची आच लागली की ते वितळतात, जागा रिकामी होते, ओलाव्याची वाफ होते आणि ती वाफ वरचा थर उचलते. त्यातून पापुद्रे सुटतात. चिरोट्यात हे थर आपण हाताने साटा लावून, गुंडाळी करून बांधतो. पाईत ते फॅटच्या तुकड्यांमुळे आपोआप, वेडेवाकडे तयार होतात.

पहिल्या कामाला कोणतंही फॅट चालतं, पातळ तेलसुद्धा. दुसऱ्याला मात्र ते घट्टच हवं. लाटायच्या आधीच वितळलं तर ते पिठात जिरतं, थर उरत नाहीत, आणि पाई नानकटाईसारखी भुरभुरते. चवीला वाईट लागत नाही, पण पापुद्रा येत नाही.

प्रमाण किती?

वजनाने मैदा तीन भाग, फॅट दोन, पाणी एक. आठ-नऊ इंची डब्यात खालच्या एका पारीला १५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बटर आणि जास्तीत जास्त ५० मिली बर्फाचं पाणी पुरतं. १०० ग्रॅमची बटरची वडी यासाठी नेमकी बसते. पाणी चमच्याचमच्याने घालायचं, मुठीत गोळा धरला की थांबायचं. माठातलं पाणी गार लागतं, पण या कामाला तेवढं गार पुरत नाही.

मीठ असलेलं पिवळं बटर चालेल का?

चालेल, मी बहुतेक वेळा तेच वापरते. फक्त पिठात वेगळं मीठ घालू नका. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे टेबल बटरमध्ये दुधाचा स्निग्धांश किमान ८० टक्के, पाणी जास्तीत जास्त १६ टक्के आणि मीठ जास्तीत जास्त ३ टक्के असतं. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या गोड सारणाखाली तो खारटपणा छान लागतो. बदाम-पिस्त्याचं नाजूक सारण असेल तर बिनमिठाचं आणावं.

त्या पाण्याकडे दुर्लक्ष करू नका. पापुद्रा उचलणारी बरीचशी वाफ त्याच १६ टक्क्यांतून येते. तूप आणि डालड्यात ते पाणी जवळजवळ नसतंच.

घरचं लोणी वापरलं तर? त्याची चव तर बटरपेक्षा चांगली असते.

असतेच. विरजणाच्या सायीचं ताजं लोणी पारीत घातलं की जी किंचित आंबूस, दुधाळ चव येते ती कुठल्याही वडीत नाही. पण त्यात पाणी किती आहे हे आपल्याला माहीत नसतं, आणि तेच घात करतं. ताकाचा अंश राहिलेल्या लोण्याने पीठ मळताच चिकट होतं. मग आपण मैदा घालतो, आणखी मळतो, जाळी घट्ट होते आणि पारी खापरासारखी निघते. पहिल्या दोन वर्षांत माझ्या तीन-चार पाई अशाच गेल्या, आणि मी उगाच मैद्याला दोष देत राहिले.

उपाय असा. लोणी बर्फाच्या पाण्यात तीन वेळा धुवा, धुतलेलं पाणी नितळ येईपर्यंत. मग मलमलच्या फडक्यात बांधून फ्रिजमध्ये रात्रभर चाळणीवर ठेवा आणि सकाळी हलकेच पिळा. अंदाज पक्का करायचा असेल तर एकदाच एक हिशेब करून बघा: त्यातलं १०० ग्रॅम लोणी कढवा आणि निघालेलं तूप तोला. ८० ग्रॅमच्या आसपास निघालं तर तुमचं लोणी बटरच्या तोडीचं आहे. ७० निघालं तर पारीत लोणी थोडं वाढवा आणि वरचं पाणी जवळजवळ बंद करा. तूप कुठे जात नाही, वरणावर घ्या.

तूप घालून पापुद्रे येतात का?

येतात, पण सहज येत नाहीत. पातळ किंवा रवाळ तूप सरळ घातलं तर ते पिठाला चोळलंच जातं आणि नानकटाईचा पोत येतो. पापुद्रे हवे असतील तर तूप किंचित पातळ करून स्टीलच्या ताटात पातळ थर ओता आणि फ्रीजरमध्ये ठेवा. काचेसारखं कडक झालं की सुरीने तुकडे मोडून थंड मैद्यात टाका. हात कमी लावा आणि लगेच पाणी घालून गोळा करा.

हिशेबही बदलतो. १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तूप आणि पंधरा मिली जास्तीचं थंड पाणी, शिवाय चिमूटभर मीठ. तुपातून दुधाचा बेरीचा भाग गाळला गेलेला असतो, म्हणून पारी फिकट राहते. वरून दूध किंवा साय लावा, रंग येतो.

एक मत सांगते, पटलं तर घ्या. तुपाचा वास संत्र्यावर मात करतो. संत्र्याच्या पाईला मी तूप कधी घालत नाही. गूळ-खोबऱ्याच्या किंवा पुरणाच्या सारणाला मात्र तुपासारखं दुसरं काही नाही.

डालडा घालावा की नाही? आरोग्याला वाईट ना?

यावर जरा सविस्तर बोलते, कारण या विषयाचं आपल्या मातीशी नातं आहे.

पाईच्या पारीत घट्ट वनस्पती तूप घालायची चाल अमेरिकेत रुजली ती १९११ साली क्रिस्को बाजारात आल्यावर. त्याआधी तिथे डुकराची चरबी किंवा बटर वापरत. क्रिस्को बनलं होतं सरकीच्या तेलापासून, त्याच सरकीच्या, जिची ढेप विदर्भात घरोघरी गाई-म्हशींपुढे ठेवतात. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. कापसाच्या मागे उरणाऱ्या स्वस्त तेलाला त्यामुळे स्वयंपाकघरात जागा मिळाली. आपल्याकडे डालडा १९३७ मध्ये आला, आणि आज आपण कुठल्याही कंपनीच्या वनस्पतीला डालडाच म्हणतो.

पारीपुरता त्याचा गुण असा की तो उष्णतेत टिकतो. आपल्या नियमांत वनस्पतीचा वितळणबिंदू ३१ ते ४१ अंशांच्या दरम्यान ठेवलेला आहे. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना पूर्ण वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी, वीस अंशांपुढेच, मऊ पडायला लागतं. लाटताना नडतो तो हा मऊपणाच. डालड्याचे तुकडे एवढ्या लवकर पिठात मिसळून जात नाहीत.

दोष दोन. चव शून्य. आणि आरोग्य. अर्धवट हायड्रोजनीकरणात ट्रान्स फॅट तयार होतं, ते हृदयाला घातक आहे, आणि जुन्या डालड्यात ते भरपूर असे. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेल आणि फॅटमधल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ साली ३ टक्क्यांवर आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली. त्यामुळे आजचं पाकीट पूर्वीपेक्षा बरंच बरं आहे, तरी संतृप्त फॅट त्यात भरपूर असतंच, जसं ते बटर-तुपातही असतं. पाकिटावरचा तक्ता वाचून घ्या. इतवारीच्या बाजारात पिंपातून सुटा तोलून मिळणारा माल मी घेत नाही, कारण त्यावर वाचायला काहीच नसतं. आणि घरात हृदयाचं दुखणं असेल तर पाई कशात करावी हे डॉक्टरांना विचारा, मला नको.

मी एक तृतीयांशाच्या वर डालडा घालत नाही. तेवढ्यात पारी सावरते आणि चव बटरचीच राहते.

बेकरीवाले वापरतात ते मार्जरीन?

खारीसाठीचं मार्जरीन मुद्दाम जास्त तापमानाला वितळणारं बनवलेलं असतं. आपल्या तोंडातलं तापमान ३७ अंश. त्याच्या वर वितळणारं फॅट जिभेवर विरघळत नाही, टाळूला मेणासारखं चिकटतं. घरच्या पाईत नको.

लार्ड म्हणजे काय, आणि ते खरंच सगळ्यात चांगलं असतं?

लार्ड म्हणजे डुकराची चरबी. तिचे स्फटिक मोठे असतात, त्यामुळे पापुद्रे फार सुरेख येतात, आणि मूत्रपिंडाभोवतीची चरबी त्यातही उत्तम मानतात. आपल्या घरांत हा पदार्थ बहुतेकांना चालणार नाही. वापरलाच तर जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगा. इथे सवलत नाही.

फल्लीतेल (शेंगदाण्याचं), सोयाबीन, खोबरेल, जवस?

पातळ तेलाने पापुद्रे येणार नाहीत, खुसखुशीत भुरभुरीत पारी येईल. सांभारवडीच्या (कोथिंबिरीचं सारण भरलेल्या तळलेल्या वडीच्या) आवरणाला आपण कडकडीत तेलाचं मोहन घालतो, तोच हा प्रकार. १५० ग्रॅम मैद्याला ७० मिली तेल आणि ३० मिली थंड दूध फेटून घाला, गोळा करा, आणि लाटायच्या भानगडीत न पडता बोटांनी डब्यातच दाबून बसवा. फल्लीतेल फिल्टरचं असेल तर दाण्याचा वास राहतो. चॉकलेट किंवा केळीच्या सारणाला तो शोभतो. संत्र्याला रिफाइंड सोयाबीन बरं.

खोबरेल २४-२५ अंशांना वितळतं. म्हणजे जानेवारीत बाटलीत गोठतं आणि मार्चमध्ये पाणी होतं. हिवाळ्यात गोठलेल्या खोबरेलाचे तुकडे घालून दूध न खाणाऱ्यांसाठी चांगली पारी होते.

जवसाचं तेल ठेच्यावर, चटणीवर वरून घ्यावं. ओव्हनची आच त्याला सोसत नाही.

मे महिन्यात पाई करायचीच असेल तर?

माझा सर्वात मोठा पराभव नवतपातला, म्हणजे मेअखेरच्या सर्वात कडक नऊ दिवसांतला आहे. कूलर सुरू होता, खोली गार वाटत होती, मी बटर किसून घेतलं आणि फोन वाजला. चार मिनिटांनी परतले तर परातीत पिवळी चिखलासारखी लापशी. शिवाय कूलरची हवा दमट असते, मैदा ओलावा धरतो आणि ठरलेलं पाणीही जास्त होतं. तेव्हापासून पारी करताना कूलर बंद.

बटरचीच करायची असेल तर सकाळी सहाच्या आत. मैदा, परात, किसणी, लाटणं सगळं रात्रीच फ्रिजमध्ये. स्टीलचा पोळपाट असेल तर तोही, कारण लाकडी पोळपाट थंडावा धरत नाही. बटर फ्रीजरमधून काढून सरळ मैद्यावर किसा, मधेमधे मैद्यात घोळा. बोटांची टोकंच वापरा, तळहात लावू नका, तळहात सर्वात गरम असतो. निम्मे कण तुरीच्या डाळीएवढे आणि निम्मे वाटाण्याएवढे राहिले की थांबा. मध्येच चमक दिसली, म्हणजे पिठाला तेलकट तकाकी आली, तर जिद्द न करता परातीसकट पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

पण खरा सल्ला वेगळा आहे. उन्हाळ्यात उष्णतेशी भांडण्यापेक्षा उष्णतेचीच पारी करा. इंग्लंडात मांसाच्या उभ्या पाईंसाठी उकळत्या पाण्यात चरबी वितळवून तेच पाणी पिठात ओततात आणि कोमट असतानाच पारी घडवतात. आपल्याकडे तूप घालून करता येते: १५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम तूप, ६० मिली पाणी, मीठ. छोट्या गंजात (पातेल्यात) पाणी-तूप उकळा, मैद्यावर ओता, चमच्याने ढवळा आणि हाताला सोसेल तेव्हा मळून लाटा. पंचेचाळीस अंशांच्या दुपारीही ही पारी बिघडत नाही. पापुद्रे नसतात, पण ती घट्ट, खमंग आणि रस धरून ठेवणारी असते.

संत्र्याच्या पाईचा तळ ओला राहतो. फॅट बदलून फरक पडेल?

पडतो. खालच्या पारीत फॅट जास्त बारीक चोळा, रव्यासारखं, म्हणजे पिठाला आवरण बसतं आणि रस आत शिरत नाही. मोठे तुकडे वरच्या पारीसाठी ठेवा. एकाच दिवशी दोन पोत करायचे, बस.

बाकीचं काम ओव्हनचं. खालची पारी काट्याने टोचा, वर बटर पेपर टाकून त्यावर राजमा किंवा हरभरे पसरा, २०० अंशांवर पंधरा मिनिटं भाजा, दाणे काढून आणखी सात-आठ मिनिटं. ते दाणे शिजवायला वापरता येत नाहीत, पण बरणीत ठेवले तर प्रत्येक पाईला उपयोगी पडतात. ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, डबा खालच्या कप्प्यात ठेवा.

आणि सारण घट्ट करा. नागपुरी संत्रं रसाचं आहे, २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. पण तो रस आटवल्याशिवाय आणि कॉर्नफ्लोअरने बांधल्याशिवाय कुठलीच पारी टिकणार नाही. बिया आधी काढा, मिक्सरमध्ये भरडल्या गेल्या की रस कडू होतो. आंबटपणा कमी वाटला तर लिंबू पिळा.

सावजी मटणाची पाई करायची आहे.

गरम पाण्याची तुपाची पारी करा, वर सांगितली तीच. सावजी रश्श्यावर तेलाची तर्री असते आणि तेल बटरच्या पारीत झिरपून तिला मऊ करतं. तर्री वेगळी काढून ठेवा, मटण सुकं करा, पूर्ण गार झाल्यावरच भरा. तर्री ताटात बाजूला वाढा. ही पाई मला गोड पाईपेक्षाही आवडते.

मैद्याऐवजी कणिक?

चक्कीची कणिक पाणी जास्त पिते आणि कोंड्यामुळे पापुद्रे फाटतात. निम्मी कणिक, निम्मा मैदा इथपर्यंत ठीक. फॅट मग बटरच ठेवा, कणकेला बटरचा खमंगपणा फार साजतो.

ओव्हन नाही, कढईत तळली तर?

तर ती करंजी होईल, आणि करंजीला करंजीचंच मोहन घाला: वाटीभर मैद्याला दोन चमचे कडकडीत तूप. पाईची बटरवाली पारी तळू नका. तिच्यातलं बटर तेलात सुटतं, दुधाचे कण जळून तेल काळं होतं आणि पारी फुटून सारण बाहेर येतं.

भाजताना पारी आक्रसते, कडा खाली येतात. फॅटचा दोष का?

बहुतेक वेळा नाही. मळणं जास्त झालं किंवा विश्रांती कमी झाली. लाटून डब्यात बसवल्यावर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि लाटलेली पारी ओढून बसवू नका. बटर वितळून ट्रेमध्ये सांडत असेल तर मात्र ओव्हन पुरेसा तापला नव्हता. पारी थंड आणि ओव्हन कडक, २०० अंशांच्या खाली नको.

मळलेला गोळा किती दिवस टिकतो?

घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, फ्रीजरमध्ये दोन महिने. मी जानेवारीच्या थंडीत सहा गोळे करून फ्रीजरमध्ये टाकते, चपट्या चकत्या करून, म्हणजे लवकर सैल पडतात. आदल्या रात्री एक चकती खाली फ्रिजमध्ये उतरवायची. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, तोवर ओटा तापायला लागलेला असतो आणि बटर हातात धरवत नाही. तेव्हा हेच गोळे कामी येतात.